गाउदीची गच्ची

बार्सिलोनातल्या पार्क ग्वेलला जाणार असाल तर एकच सांगतो, तिकिटावरची वेळ लग्नाच्या पत्रिकेतल्या वेळेसारखी धरू नका. साडेदहा म्हणजे साडेदहा. फार तर अर्धा तास उशीर चालतो, त्यानंतर मुहूर्त टळला. आणि आमच्यात मंदार होता, ज्याच्या स्वतःच्या लग्नाला तो उशिरा पोचला होता.

तर हे मे 2023 मधलं. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे, सिव्हिलवाले. मी स्टुटगार्टला एका डिझाइन ऑफिसात आहे, शुभांगी आइंडहोवनला, मंदार पुण्याहून म्युनिकला कामाला आला होता तर दोन दिवस जोडून घेतले आणि इर्शाद बार्सिलोनात पाच वर्षं राहतोय, म्हणजे राहायचा प्रश्न मिटला. आदल्या दिवशी साग्रादा फामिलिया नावाचं उंच चर्च बघून माना दुखत होत्या. दुसऱ्या दिवशी बाग, असं ठरलेलं, म्हणजे जरा निवांत. बाग म्हटलं की डोक्यात काय येतं, हिरवळ, बाकडी, भेळ. मंदारने तिकिटाचा आकडा ऐकला आणि हिशोब मांडला, "दहा युरो म्हणजे नऊशे रुपये. बागेत जायला? मर्दा, सांगलीच्या आमराईत अख्खं लहानपण घातलं आपण." इर्शादला मात्र फुकट, कारण शहरात राहणाऱ्यांनी नाव नोंदवलं की पैसे पडत नाहीत. 2013 पर्यंत सगळ्यांनाच फुकट होतं म्हणे, मग गर्दी एवढी वाढली की ऑक्टोबरपासून मुख्य भागाला तिकीट लावलं. तीन तिकिटं माझ्या कार्डवरून काढली. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

सकाळी मंदार आंघोळीला गेला तो गेलाच. लेसेप्स मेट्रोला उतरलो तेव्हा दहा पंचवीस. तिथून पार्क वीसेक मिनिटांवर, पण ती वीस मिनिटं सपाट रस्त्याची नाहीत. त्राबेसेरा दे दाल्त नावाचा मोठा रस्ता धरून सरळ जायचं आणि मग डावीकडे लारार्ड नावाची गल्ली वर चढते ती चढतच जाते, दोन्ही बाजूला फ्रिजवर चिकटवायच्या सरड्यांची दुकानं, पंख्यांची, सांग्रियाची. जोतिबाला पायऱ्यांच्या दोन्ही बाजूला गुलाल-खोबऱ्याची दुकानं असतात ना, तसंच, फक्त इथे देव म्हणजे सरडा. शुभांगी पुढे पळत होती, मी मध्ये, मंदार मागे "अरे थांबा, फोटो तरी काढू द्या" करत. गेटवर पोचलो दहा अठ्ठावन्नला. कोड स्कॅन केला, हिरवा दिवा लागला, आत. बाहेरची भिंत, भिंतीवरची ती प्रसिद्ध गोल पदकं, गेटवरची दोन घरं, काही म्हणजे काही बघितलं नाही. सगळा घोळ पुढे त्यावरूनच झाला.

आत शिरलं की समोर दुहेरी जिना आणि जिन्याच्या मधोमध तो सरडा. लोक ड्रॅगन म्हणतात, काही सॅलॅमँडर म्हणतात, मला विचाराल तर पावसाळ्याआधी कुंपणावर बसून मान हलवणारा आपला सरडाच तो, फक्त निळा-पिवळा-नारंगी आणि माणसापेक्षा लांब. त्याच्याभोवती रांग नाही, झुंबड. प्रत्येकाला त्याच्या मानेवर हात ठेवून फोटो हवा आणि एक गार्ड शिट्टी वाजवून "हात लावू नका" सांगत होता. 2007 मध्ये कुणीतरी रात्री घुसून त्याचं तोंड फोडलं होतं, नंतर दुरुस्त केलं, जोड मात्र आम्हाला काही सापडला नाही. त्याच्या तोंडातून पाणी पडतं असं फोटोत बघितलेलं. आम्ही गेलो तेव्हा तोंड कोरडं. त्या वर्षी कॅटलोनियात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रांतात, दुष्काळ होता, शहरातली शोभेची कारंजी बंद केलेली. दुष्काळ म्हटल्यावर आम्ही तिघं सांगली जिल्ह्यातले लोक एकदम घरच्यासारखे झालो.

जिना चढून वर गेलं की खांबांचं जंगल लागतं. 86 खांब, जाडजूड, जुन्या ग्रीक देवळासारखे. ही जागा बाजारासाठी होती. हो, भाजी बाजार. कारण हा पार्क मुळात पार्क नव्हताच, ही प्लॉटिंगची स्कीम होती! हे इर्शादने सांगितलं तेव्हा मंदारचा चेहरा पहिल्यांदा उजळला, कारण त्याने स्वतः हिंजवडीच्या पुढे एक प्लॉट घेऊन ठेवलाय ज्याला अजून रस्ता नाही. तर झालं असं की एउसेबी ग्वेल हा मोठा कारखानदार, त्याने शहराबाहेर एक उजाड टेकडी घेतली, तिचं नावच मुळी बोडकी टेकडी, मुंतान्या पेलाडा. 1900 साली आंतोनी गाउदी या आर्किटेक्टला सांगितलं की इथे श्रीमंतांसाठी इंग्रजांच्या धर्तीवर बागेतली वसाहत कर, म्हणून तर नाव पण इंग्रजी स्पेलिंगचं पार्क. साठ प्लॉट पाडले. रस्ते, पूल, गेट, चौकीदाराचं घर, बाजाराची जागा, पाण्याची टाकी, सगळं आधी बांधलं, म्हणजे आपल्याकडचे बिल्डर नुसती कमान उभी करून बुकिंग घेतात तसं नाही. अट मात्र कडक, प्लॉटच्या सहाव्या भागातच बांधायचं, मागच्याचा समुद्र दिसायचा थांबला नाही पाहिजे वगैरे. आणि इथवर यायला धड वाहन नाही. विकले किती? अख्ख्या स्कीममध्ये घरं झाली दोन. एक कुणा वकिलाचं आणि दुसरं सॅम्पल फ्लॅटसारखं दाखवायला बांधलेलं घर, जे कोणी घेईना म्हणून शेवटी गाउदीनेच घेतलं आणि 1906 पासून वडिलांना आणि भाचीला घेऊन राहायला आला. 1914 ला काम थांबलं, 1918 ला ग्वेल वारला, वारसांनी जागा महापालिकेला विकली आणि 1926 मध्ये ती सगळ्यांसाठी बाग म्हणून उघडली. त्याच वर्षी जूनमध्ये गाउदी ट्रामखाली सापडून गेला. 1984 पासून युनेस्कोच्या यादीत. मंदार म्हणाला, "म्हणजे माझ्या प्लॉटला पण आशा आहे."

आणि हे बोलून तो म्हणाला, "मी आलोच, त्या बाहेरच्या भिंतीचा फोटो राहिला." आम्ही छत बघण्यात गुंग. कुणाच्याच लक्षात आलं नाही की तिकिटावर स्पष्ट लिहिलंय, एकदा बाहेर पडलात की परत आत नाही. दहा मिनिटांनी फोन. "अरे हा मला आत सोडत नाही." गेटच्या पलीकडे मंदार, अलीकडे आम्ही, मध्ये गार्ड. इर्शादने स्पॅनिशमधून सांगून बघितलं, मग कॅटलानमधून सांगून बघितलं, गार्ड हसून दोन्ही भाषांत नाही म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही, उगीच कशाला खोटं बोलू. दुसरं तिकीट काढायचं तर त्या दिवसाचं दुपारी साडेचारशिवाय नव्हतं. मंदार म्हणाला, जा तुम्ही, मी समोर बसतो, बिअर आहे. आवाजात दुःख कमी होतं असं मला आजही वाटतं.

आता छताबद्दल सांगायलाच पाहिजे. त्या खांबांच्या वर सपाट स्लॅब नाही, छोटे छोटे घुमट आहेत, सगळे पांढऱ्या फुटक्या टाइल्सने मढवलेले. मध्येच काही ठिकाणी खांब गाळलेत आणि तिथे छताला मोठी रंगीत गोल नक्षी. नीट बघितलं तर त्यात बशा आहेत, बाटल्यांचे बूड आहेत, कपाचे तुकडे. हे काम जुजोल नावाच्या गाउदीच्या सहकाऱ्याचं, आणि वरच्या मैदानाला वेढा घालणारं जे लांबलचक नागमोडी बाकडं आहे, जवळजवळ 110 मीटरचं, त्याच्यावरचं पण त्याचंच. या फुटक्या टाइल्सच्या कामाला तिकडे त्रेंकादीस म्हणतात. मी वर गेलो, त्या बाकड्यावर बसलो, तळहात फिरवला आणि तोंडातून निघालं, अरे, हा तर चायना मोझॅक.

माझे वडील, अप्पा, मिरजेत तीस वर्षं गच्च्यांची कामं घ्यायचे. वॉटरप्रूफिंग. विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला ढाळ, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवायचे, म्हणजे ऊन परत जातं आणि पाणी झिरपत नाही. मिरजेतल्या निम्म्या गच्च्यांवर उन्हाळ्यात शाळेच्या सुट्टीत मी तुकडे फोडलेत. टाइल गोणपाटावर पालथी ठेवायची, हातोडीने मध्ये एकच टोला, फार जोरात मारलं की चुरा होतो, हळू मारलं की नुसतीच चीर जाते. बोटांना बारीक कापल्याच्या रेषा, संध्याकाळी आमटी-भातात हात घातला की झोंबायच्या. त्या कामाची मला भयंकर लाज वाटायची, कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. आणि इथे जगभरातून लोक विमानाने येऊन त्याच तुकड्यांवर बसून फोटो काढत होते.

मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे साडेतीन वाजले असतील, ते नुकतेच उठलेले, बनियनवर. कॅमेरा बाकड्याच्या अगदी जवळ नेला. अप्पा चष्मा शोधून म्हणाले,

"जवळ घे. अजून जवळ. जॉइंट बघू दे. हां. जॉइंट मोठे ठेवलेत त्यांनी."

"अप्पा, शंभर वर्षं झाली याला."

"म्हणून काय झालं, मोठे ते मोठेच. पण वळणावर तुकडे लहान केलेत बघ, सपाटीला मोठे. करणाऱ्याला कळत होतं. ढाळ कुठे दिलाय?"

ढाळ. मी फोन धरून शोधायला लागलो. बाकड्याची बैठक आणि पाठ जिथे मिळते तिथे अप्पा ज्याला वाटा म्हणायचे तशी गोलाई, आणि पाणी निघून जायला बारीक भोकं. बाहेरच्या बाजूने वाकून बघितलं तर पन्हाळीच्या तोंडाला दगडी सिंहाची डोकी. अप्पांना सगळं दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न, "आणि एवढं मोठं मैदान, त्याचं पाणी कुठं जातं?"

तर हेच खरं बघण्यासारखं आहे आणि फोटोत ते दिसतच नाही. आपण ज्या मैदानावर उभे असतो, बूट पांढरे करणारं, मातीचं, ते अर्धं डोंगर खोदून काढलंय आणि अर्धं त्या 86 खांबांवर आहे. म्हणजे मैदान म्हणजे बाजाराची गच्ची. पण ही गच्ची पाणी अडवत नाही, पिते. फरशी नाही घातलेली मुद्दाम, पाऊस पडला की माती-वाळूतून गाळून खाली जातो, खाली नळ्यांमध्ये गोळा होतो, तिथून खांबांच्या पोटातून आणखी खाली, आणि बाजाराच्याही खाली असलेल्या टाकीत. टाकी 1,200 घनमीटरची. म्हणजे बारा लाख लिटर. अप्पांच्या भाषेत 12 हजार लिटरचे शंभर टँकर. टाकी भरून वाहायला लागली की जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडतं? सरड्याच्या तोंडातून. जगातला सगळ्यात जास्त फोटो काढलेला ओव्हरफ्लो पाइप असेल तो! ग्वेलने इथलं पाणी बाटल्यांत भरून सार्वा नावाने विकलंही होतं. शुभांगीला हे नाव ऐकून शंकराचं शर्व आठवलं.

अप्पा गप्प झाले, मग म्हणाले, "गच्चीत पाणी मुरवायचं आणि खालच्या छताला ओल येऊ द्यायची नाही, हे अवघड आहे. खाली जाऊन बघ, गळतंय का." मी खरंच परत खाली गेलो. शुभांगी म्हणाली, "अरे तू फिरायला आलायस का साइट व्हिजिटला?" पंधरा मिनिटं मान वर करून घुमट बघितले. दोन-तीन जागी पिवळट डाग होते, ते ओलीचे की धुळीचे ते खालून कळत नव्हतं. तेवढंच अप्पांना कळवलं. त्यांना बरं वाटलं असावं.

पाण्यावरून मग बाकड्यावर बसून बराच वेळ बोलणं चाललं. एप्रिल 2016 मध्ये आमच्या मिरजेतून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, जलदूत, पहिली गाडी दहा डब्यांची आणि नंतर पन्नास डब्यांची, 25 लाख लिटरची. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो, स्टेशनवर गाडी भरताना बघायला गेलेलो. म्हणजे ही टाकी दोनदा काठोकाठ भरली तरी जलदूतची एक गाडी भरणार नाही. इर्शाद म्हणाला, इथे 2008 मध्ये बंदरावर जहाजाने पाणी आणलं होतं, पिण्याचं, एवढ्या मोठ्या शहरासाठी. आमच्याकडे रेल्वे, यांच्याकडे जहाज. समोर समुद्र दिसत होता, साग्रादा फामिलियाच्या क्रेन दिसत होत्या, आणि ताडांच्या शेंड्यांवर हिरव्या पोपटांनी कलकलाट मांडलेला. शुभांगीला वाटलं आपलेच, पण यांची छाती राखाडी, गळ्याला कंठ नाही, दक्षिण अमेरिकेतून आणलेले पिंजऱ्यातून सुटून इथे पसरलेत, काड्यांची भलीमोठी घरटी करून राहतात.

पुढचं पटापट सांगतो. दगडी पुलांखालून चाललो, खांब सगळे तिरके, झाडासारखे, दगड तिथलाच खोदून काढलेला. एक लाटेसारखी वळलेली लांब पडवी आहे, तिथे डोक्यावर ओझं घेतलेली धोबीण एका खांबात कोरलीय. तिथे मी आणि इर्शाद अर्धा तास रमलो, कारण तो खरं तर मातीचा लोट अडवणारा रिटेनिंग वॉल आहे आणि खांब जिकडून माती ढकलते तिकडेच झुकवलेत. आम्ही ऑफिसात हेच सॉफ्टवेअरमध्ये बसवतो आणि ते दिसायला भिंतच दिसतं. शुभांगी कंटाळून पुढे निघून गेली. गाउदीचं ते गुलाबी घर संग्रहालय केलेलं, त्याला तेव्हा वेगळं तिकीट होतं, बाहेरूनच नमस्कार केला. तीन क्रूसांच्या टेकडीवर चढलो, वर गिटारवाला होता, वारा होता आणि खाली उतरायला चुकीची वाट धरली.

चादरीवर माल मांडून बसणारे विक्रेते रस्त्याच्या कडेला होते, चादरीच्या चारी कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांची टोकं हातात. मी सरड्याचा छोटा पुतळा हातात घेऊन भाव करत होतो, तेवढ्यात कुठून तरी एक शिट्टी आली, त्याने दोरी ओढली, दुकानाचं गाठोडं झालं, खांद्यावर टाकलं आणि माणूस गायब. सरडा माझ्या हातात. पाच मिनिटं तिथेच उभा राहिलो, तो परत आला, हसला, मी पाच युरो दिले, भाव राहिलाच.

बाहेर पडलो तेव्हा पावणेतीन. मंदार समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला, शेजारी पंजाबचा एक पाणी-बिअर विकणारा, दोघं हिंदीत क्रिकेटवर बोलत होते. मंदारने बाहेरची भिंत मात्र आमच्यापेक्षा नीट बघितलेली. एका पदकावर पार्क, एकावर ग्वेल, असं भिंतभर, प्रत्येकाचा फोटो. गेटवरच्या घरांची छपरं, तो चारी दिशांना हात असलेला उंच क्रूस, सगळं. आम्हाला त्याने फिरून दाखवलं, गाइडसारखं, आणि खरंच आम्ही ते धावताना बघितलंच नव्हतं.

रात्री शहरातल्या रावाल भागात इर्शादच्या ओळखीच्या ठिकाणी निहारी खाल्ली. तिथे बसलो असताना अप्पांचा व्हॉट्सअॅप आला. आमच्या मिरजेच्या गच्चीचा फोटो, टाकीच्या कोपऱ्यातला. पांढऱ्या तुकड्यांमध्ये एक निळ्या फुलांचा तुकडा. आईच्या लग्नातल्या डिनर सेटची बशी मी लहानपणी फोडली होती, ती. खाली लिहिलेलं, आम्ही पण बशी लावली होती. 1998. गळत नाही.

मग हिशोब निघाला. मेट्रो, जेवण, तिकिटं. मंदारचं म्हणणं, तो आत फक्त चाळीस मिनिटं होता, म्हणून तो चार युरो देईल. शुभांगीचं म्हणणं, आंघोळीचा एक तास त्याच्याकडूनच वसूल करायला पाहिजे. मी म्हटलं पूर्ण दहा. तो म्हणाला पुण्याला गेल्यावर गुगल पे करतो. अजून आलेले नाहीत.